बाहुलीचं चलान

मुकुंदशेठ माळवद्यांना चलान आलं की एरवी त्यांची सकाळ मजेत जायची. हसण्यावारी नेऊ नका, खरंच सांगतो. कराडात 'माळवदे कुशन वर्क्स' चालवणारा हा माणूस दंडवाढ विरोधी कृती समितीचा अध्यक्ष होता, आणि अध्यक्षाला सकाळी सकाळी ओरडायला काहीतरी लागतं. पण त्या गुरुवारी मोबाईलवर जे चलान आलं, ते वाचून चहाचा घोट घशातच अडकला.

'बालआसनात निर्जीव वस्तू आढळली. बाहुली ठेवून फसवणूक केल्याचा संशय. दंड रुपये एक लाख. हरकत असल्यास आज अकरा वाजता सातारा पडताळणी कक्षात हजर राहावे.'

"शालन! ए शालन! अगं, तुझ्या नातीला सरकारनं बाहुली म्हटलंय!"

शालनताई डब्यात बेसनाचे लाडू भरत होत्या. लेक तन्वी बाळंतपण आटोपून आज पुण्याला सासरी निघायची होती. जावई निनाद दर बुधवारसारखा आदल्या संध्याकाळीच गाडी घेऊन आला होता. गाडी मुकुंदशेठांनीच लेकीला घेऊन दिलेली, अजून त्यांच्याच नावावर.

"दिसतेच मुळी बाहुलीसारखी," शालनताई म्हणाल्या.

"चेष्टा नाही गं ही! निर्जीव वस्तू म्हणतात. निर्जीव! माझी रेवा!" आणि मग मुकुंदशेठ एकदम थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "थांब. थांब. म्हणजे मशीन चुकलं. सापडलं की नाही शेवटी! दोन वर्षं मी बोंबलतोय, मशीन चुकतं, मशीन चुकतं. आता लेखी पुरावाच दिला की त्यांनी."

"मग पोरीला वाटेला लावून तर जा."

"निघतीलच की ते. मी आधी जाऊन त्या लोकांची हजामत करून येतो." त्यांनी पाळण्यात झोपलेल्या रेवाच्या गालाला बोट लावलं, तन्वीच्या डोक्यावर हात ठेवला आणि साडेआठची एसटी पकडली.

आता हे दंडाचं प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. पूर्वी पट्टा न लावल्याचा दंड एवढासा होता की लोक तो टोलसारखा भरून मोकळे व्हायचे. बाळांची तर कथाच निराळी. बाळाची जागा म्हणजे आईची नाहीतर आजीची मांडी, यात कुणाला शंकाच नव्हती. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी आदळली तर सात किलोचं बाळ हातातून दोनशे किलोच्या ओढीनं सुटतं, हे गणित शाळेत सगळ्यांनीच केलेलं. पण आपल्या आईच्या हातांवर कोण गणित घालतं? मग एका वर्षी दंड दसपटीनं वाढवले. बाळ सीटमध्ये नसेल तर पंचवीस हजार. लोकांचे धाबे दणाणले, बाळसीटा धडाधड खपल्या, आणि दुसऱ्याच महिन्यात आपल्या लोकांनी वाट काढली. सीटमध्ये टोपडं घातलेली बाहुली, आणि खरं बाळ शालीखाली आजीच्या मांडीवर. कॅमेऱ्याला काय कळतंय!

कॅमेऱ्याला कळत नव्हतं, पण रडारला कळत होतं. नव्या गाड्यांच्या छताला काडेपेटीएवढं रडार असायचं. बंद गाडीत विसरलेलं मूल ओळखावं म्हणून ते आधीच बसवलेलं होतं. ते अगदी मंद लहरी सोडतं. त्या लहरी माणसाच्या छातीवर आपटून परत येतात. श्वासागणिक छाती दोन-चार मिलिमीटर वर-खाली होते, तेवढ्यानं परत येणारी लहर बदलते, आणि रडार श्वास मोजतं. शालीखालचा श्वाससुद्धा. हायवेवर दर पंधरा-वीस किलोमीटरला कमानी उभ्या राहिल्या. गाडी कमानीखालून गेली की कमान गाडीला विचारते: गेल्या अर्ध्या मिनिटात आत किती जिवंत माणसं होती, कुठल्या जागेवर, पट्टे लावलेत का? गाडी खरं ते सांगते. बाहुली ठेवणाऱ्याला एक लाख, आणि पडताळणी अधिकाऱ्यानं सही केली तर गाडी जागच्या जागी थांबवायची.

मुकुंदशेठांचा राग दंडावर होता, तसा तो सीटवरही होता. तन्वीची रेवा सात आठवडे आधी जन्मली. दीड किलोची पोर, तळहातावर मावायची. दर गुरुवारी तिला साताऱ्याच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे, आणि दंडाच्या भीतीनं जावयानं एक महागातली बाळसीट पाठवली होती. मुकुंदशेठांनी तिच्यावरून हात फिरवला आणि नाक मुरडलं. "ही गादी? ह्याला गादी म्हणतात? पाट आहे पाट!" पोरही त्यात बसली की कराडपासून साताऱ्यापर्यंत टाहो फोडायची. चाळीस वर्षं गाद्या शिवलेला माणूस हे कसं सहन करणार? त्यांनी दुकान दोन दिवस बंद ठेवून मऊसूत फोमची, मखमली अस्तराची, डोक्यामागे गुबगुबीत उशी असलेली गादी शिवली आणि सीटमध्ये बसवली. आणि काय सांगू, पुढच्या गुरुवारी रेवा उंब्रज यायच्या आधी झोपली. नागठाण्यापर्यंत तर हूं की चूं नाही. तन्वी म्हणाली, "बाबा, तुमच्या हातात जादू आहे." तेव्हा मुकुंदशेठांचे डोळे भरून आले होते. मग काय, शेजारणीला हवी, मग तिच्या बहिणीला हवी. 'आजोबा गादी' असं नाव पडलं. तीन आठवड्यांत तेवीस गेल्या.

साताऱ्याच्या पडताळणी कक्षात खिडकीशी एक तिशीची बाई बसली होती. टेबलावर पाटी होती: शबाना मुजावर. मुकुंदशेठांनी खुर्ची ओढली, बसले, आणि वाटेत घोकून ठेवलेलं भाषण सुरू केलं.

"मुजावर मॅडम, मी आधीच सांगतो, मी आवाज चढवणार आहे. माझ्या नातीला तुम्ही बाहुली म्हटलंय. ती बाहुली नाही. हे तिचे फोटो. हा तिचा जन्मदाखला. ह्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, गेल्या गुरुवारचीसुद्धा आहे. ती गाडीत होती, सीटमध्ये होती, पट्टा लावून होती. सगळं तुमच्या कायद्यासारखं! तरी एक लाख?"

"पाणी घ्या काका."

"पाणी नको, माफी पाहिजे. लेखी. समितीच्या लेटरहेडवर छापणार आहे मी ती."

शबानानं शांतपणे चिठ्ठ्या चाळल्या, रेवाचा फोटो पाहून जराशी हसली आणि संगणकाकडे वळली. "बघते हं. चूक असेल तर मी आत्ताच्या आत्ता रद्द करते." तिनं गेल्या गुरुवारची नोंद उघडली. "उंब्रजची कमान. मागच्या सीटवर बाळ, जिवंत, श्वास मिनिटाला चाळीस. बरोबर. मग नागठाणे... नागठाण्याला शून्य. म्हणून मशीननं बाहुली म्हटलं. आणि साताऱ्याच्या अलीकडे पुन्हा अडतीस."

"बघा! बघा! म्हणजे काय, उंब्रजला पोर, नागठाण्याला बाहुली आणि साताऱ्यात परत पोर? वाटेत बदलली काय आम्ही?" मुकुंदशेठ विजयानं हसले. आजूबाजूचे दोघे-तिघेही हसले.

शबाना हसली नाही. तिनं नागठाण्याची नोंद मोठी केली. सीटमध्ये वजन होतं, उंब्रजला होतं तेवढंच. पट्टा होता. पडद्यावरची रेघ मात्र सपाट होती.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "ही बाहुली नाही हे मला पटलं. शंभर टक्के पटलं. मग त्या अर्ध्या मिनिटात तिचा श्वास कुठं होता?"

मुकुंदशेठांना प्रश्न आधी कळलाच नाही. कळला तेव्हा त्यांचं हसू तोंडावरच राहिलं.

"मशीन चुकलं असेल."

"असेल. देव करो आणि तसंच असो. त्याच्या आधीचा गुरुवार बघू." तिनं पाहिलं. उंब्रजला बेचाळीस, नागठाण्याला नऊ. त्याच्या आधीचा: एकेचाळीस, आणि मग चौदा. त्याच्याही आधीचा गुरुवार आला तेव्हा दोन्ही कमानींवर पन्नासच्या पुढे. "ह्या दिवशी रडत असणार ती. पुढच्या आठवड्यापासून काय बदललं काका? सीटमध्ये काही घातलंत का? उशी, गादी, टॉवेल?"

"गादी घातली. मी शिवलेली. मऊ आहे हो. माझ्या हातची आहे."

"डोक्यामागं जाड आहे?"

"आहे."

शबानानं स्वतःची हनुवटी छातीला टेकवून दाखवली. "आम्हाला प्रशिक्षणात एक डॉक्टर शिकवायला आल्या होत्या. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, मान लुळी. श्वासनळी पेन्सिलीहून बारीक आणि मऊ. मागून उशीनं डोकं ढकललं की हनुवटी अशी छातीवर येते आणि ती नळी दुमडते. सीट कडक असते ती त्यासाठीच, डोकं मागं टेकलेलं राहावं म्हणून. आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ असेल तर ते झटापटसुद्धा करत नाही. रडत नाही. नुसतं गप्प होतं."

गप्प होतं. मुकुंदशेठांच्या डोळ्यांपुढे ते सगळे गुरुवार उभे राहिले. मागे वळून 'बघा कशी गाढ झोपली' म्हणणारी शालन, गाडी हळू चालवणारा निनाद, आणि मिशीला पीळ देणारे ते स्वतः. ती झोप नव्हती. ज्या गादीसाठी शाबासकी घेतली, तीच पोरीचा गळा दाबत होती.

"मॅडम," ते ताडकन उठले, "ते आत्ता निघालेत. आत्ता! ती सासरी चाललीय. त्याच गादीवर."

शबानानं गाडीचा नंबर विचारून घेतला आणि मुकुंदशेठांनी तन्वीला फोन लावला. वाजत राहिला. रेवा झोपली की तन्वी फोनचा आवाज बंद करून पर्समध्ये टाके, पोर उठायला नको म्हणून. निनादचा लावला. चालवणाऱ्याचा फोन गाडी सुरू असेपर्यंत गाडीच बंद ठेवते, हाही नवा नियम. मुकुंदशेठांनी पुन्हा तन्वीचा लावला. पुन्हा. पुन्हा.

"नागठाण्याला सोळा होता," शबाना पडद्याकडे पाहत म्हणाली. "आत्ता साताऱ्याची कमान ओलांडली." तिनं आकडा पुन्हा पाहिला. "सहा."

"गाडी थांबवा हो! सांगा त्यांना काहीतरी! एवढे बोर्ड लावलेत तुम्ही हायवेवर!"

"मला बोर्डावर मनातलं लिहिता येत नाही काका. गस्तीची गाडी पाठवली तरी पंधरा मिनिटं जातील." तिची बोटं कळफलकावर नुसतीच टेकली होती. मग ती झटकन वळली. "एक मार्ग आहे. बाहुलीचं चलान. सर्वात वरच्या दर्जाचं. त्यावर मी सही केली की गाडी आपोआप वेग कमी करून कडेला उभी राहते, आणि गाडीत मोठ्यानं सूचना होते: सीटमधली बाहुली उचलून बाहेर काढून दाखवा. जिला उचलायचं तिला लगेच उचलतील. पण त्यासाठी मला लिहून द्यावं लागेल की ती बाहुली आहे अशी माझी खात्री झालीय. खोटं. आणि तुम्हाला एक लाख दंड बसेल, तो मला परत घेता येणार नाही."

दोन वर्षं दंडाच्या विरुद्ध मोर्चे काढलेला माणूस टेबलावर दोन्ही हात आपटून ओरडला, "लिहा ना मग! म्हणा बाहुली! लाकडाची म्हणा, चिंध्यांची म्हणा, काय वाटेल ते म्हणा! टाका दंड! सगळ्यात मोठा टाका!"

शबानानं सही केली. आता कमानीची वाट बघायची गरज नव्हती; गाडी थेट कक्षाशी बोलू लागली.

पडद्यावर गाडीचा ठिपका सरकत होता, मग हळू झाला, मग थांबला. बाळाच्या सीटपुढचा आकडा चार झाला. मग शून्य. मुकुंदशेठांनी डोळे मिटून घेतले. आयुष्यात कधी नवस न बोललेला तो माणूस कुठल्या कुठल्या देवांची नावं घेत होता त्याचं त्यालाच भान नव्हतं.

"सीट रिकामी झाली," शबाना म्हणाली. "उचललं." आणि मग तिचा आवाज चिरकला. "काका, डोळे उघडा. काका, बघा तरी!"

मागच्या जागेवर एका मोठ्या माणसाच्या छातीशी आणखी एक श्वास उमटला होता. अठरा. तीस. पंचावन्न.

"पंचावन्न म्हणजे?"

"पंचावन्न म्हणजे रडतेय ती! चांगली भोकाड पसरून रडतेय!"

मुकुंदशेठ मटकन खाली बसले, खुर्चीत नव्हे, फरशीवरच. तेवढ्यात फोन वाजला. तन्वी होती, आणि भयंकर संतापली होती. मागून रेवाचं रडणं एवढं मोठं की शब्द नीट ऐकू येईनात.

"बाबा! अहो, ह्या लोकांनी रेवाला बाहुली म्हटलं! भर हायवेवर गाडी थांबवली, म्हणे बाहुली काढून दाखवा! मी अशी चिडले, दाखवतेच म्हटलं आता, उचलली तिला, तर बाबा..." तिचा राग विरघळला. "बाबा, तिची मान अशी लोळली. ओठ निळे होते. मी पाठ चोळली, हाक मारली, तेव्हा कुठं... बाबा, त्यांनी थांबवलं नसतं तर?"

"ती गादी काढ," मुकुंदशेठ म्हणाले. "तन्वे, आधी ती गादी काढ आणि फेकून दे. चूक माझी आहे. सीट चांगली आहे, गादी वाईट आहे. डॉक्टरांकडे मागं फिरा. पोचेपर्यंत तू तिच्याशेजारी बस आणि तिची हनुवटी बघत राहा. झोपू देऊ नकोस. रडू दे, रडू दे तिला."

फोन ठेवून ते उठले आणि शबानापुढे हात जोडून उभे राहिले. "पोरी," ते म्हणाले, "मी इथं तुझी हजामत करायला आलो होतो गं. तू माझं घर राखलंस. हे कसं फेडू?"

"अहो काय हे काका, बसा." तिचेही डोळे वाहत होते. "अपील करा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, दंड रद्द होईल."

"आणि तू खोटी सही केलीस हे त्यात निघेल."

ती त्यांच्या चिठ्ठ्या नीट रचू लागली.

"मग नाही करायचं अपील. एक लाख भरतो. अगं, आनंदानं भरतो. समितीच्या सभेत सांगतो, माळवद्यानं एक लाख भरले आणि का भरले. तुझी सही सोडून सगळं सांगतो."

एवढं बोलून त्यांनी पाणी प्यायलं आणि पेला हातात धरूनच ते ताठ झाले. "तेवीस," ते म्हणाले. "माझ्या आणखी तेवीस गाद्या आहेत लोकांकडे."

ऑर्डर घेताना प्रत्येकाचा नंबर मोबाईलमध्ये टिपून ठेवायची त्यांची सवय होती. शबानानं त्यांना खिडकीजवळचा कोपरा दिला, चहा मागवला, आणि मुकुंदशेठांनी पहिला नंबर लावला. मलकापूरच्या एका आईनं उचलला. "अय्या, काका तुम्ही! अहो, काय गादी केलीत! आम्ही आता घरातपण त्यावरच झोपवतो. आत्ता बघा ना, कशी गाढ झोपलीय."

"उठवा तिला," मुकुंदशेठ म्हणाले.

"काय?"

"ताई, आत्ताच्या आत्ता गादीवरून उचला आणि उठवा. नंतर मला पाहिजे तेवढ्या शिव्या द्या. मी फोन ठेवत नाही. मला तिचं रडणं ऐकू दे."

पलीकडे पावलं वाजली, काहीतरी पडलं, मग एक चिडका, झोपमोडीचा टाहो फुटला. मुकुंदशेठांनी कपाळाला हात लावला, तिला सगळं नीट समजावून सांगितलं, क्षमा मागितली, गादीचे पैसे घरी आणून देईन म्हणाले आणि पुढचा नंबर लावला. असंच दुसरं बाळ, तिसरं बाळ. कुणी रागावलं, कुणी घाबरलं, एक आजी तर फोनवरच त्यांच्या सात पिढ्या उद्धरून मोकळी झाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. प्रत्येक घरी बाळ रडल्याचा आवाज कानावर आला की मगच ते पुढच्या नंबराकडे वळत. मधेच तन्वीचा निरोप आला: डॉक्टरांनी तपासलं, पोर ठणठणीत आहे, दूध प्यायली. तो त्यांनी शबानाला मोठ्यानं वाचून दाखवला आणि पुन्हा फोन कानाला लावला.

दुपारी अडीचला तेविसावा नंबर लागला. वाठारचं एक जोडपं, सहा महिन्यांचा मुलगा. बापानं फोन घेतला, सगळं ऐकलं आणि धावत आत गेला. बराच वेळ काही आवाज नाही. मुकुंदशेठ उभे राहिले. शबानाही हातातलं काम टाकून जवळ आली.

"काका," बापाचा दमलेला आवाज आला, "उचलला. जागा केला. पण तो काही रडत नाही हो."

"मग? मग काय करतोय?"

"हसतोय. मिशी ओढतोय माझी. चालेल का?"

"चालेल," मुकुंदशेठ म्हणाले आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू त्यांना आवरेना. "चालेल रे बाबा. हसू दे."